दारात सर्वांत आधी पोहोचणाऱ्यांचे प्रशिक्षण: पोलीस, 108, अग्निशमन दल आणि मानसिक दिव्यांग व्यक्ती

गोरखचिंच (धागाकर्ती)

या धाग्याचे निमित्त घरातले आहे, त्यामुळे ते आधी सांगते. माझ्या थोरल्या भावाला 19 वर्षांपासून स्किझोफ्रेनिया आहे. औषधे सुरू असली की तो सकाळी दूध आणतो, शब्दकोडे सोडवतो आणि आईचे गुडघे चोळून देतो. औषधे सुटली की तीन-चार आठवड्यांत त्याची झोप उडते आणि घरातल्या वस्तू त्याच्याशी बोलू लागतात. गेल्या श्रावणात असेच झाले. त्याने स्वतःला आतल्या खोलीत कोंडून घेतले, ट्यूबलाइटवर वर्तमानपत्रे चिकटवली आणि भाजीची सुरी उशाशी ठेवली. आम्ही 108 वर फोन केला, तेव्हा रुग्ण आक्रमक असेल तर आधी पोलिसांना बोलवा असे सांगण्यात आले. 112 वर फोन केला, तेव्हा हे काम रुग्णवाहिकेचे आहे असे उत्तर मिळाले. या टोलवाटोलवीत पाऊण तास गेल्यावर दोन पोलीस आले.

त्यांतला तरुण शिपाई दारावर काठी आपटून, "बाहेर ये, नाहीतर दार तोडतो," असे ओरडू लागला आणि आतून त्याच्या दुप्पट आवाजात ओरडा सुरू झाला. दुसरे हवालदार पन्नाशीचे होते. ते थोडा वेळ नुसते ऐकत उभे राहिले आणि मग त्यांनी खांद्यावरच्या वॉकीटॉकीचा आवाज पूर्ण बंद केला. भाऊ त्या खरखरीला उत्तरे देत होता, हे आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आले नव्हते. हवालदारांनी सहकाऱ्याला जिन्यावर पाठवले, स्वतः दारापासून चार पावले मागे जाऊन चपलांच्या स्टँडशेजारी बसले आणि दर दोन-तीन मिनिटांनी एकच वाक्य बोलत राहिले: "मी इथेच बसलोय, घाई नाही." तासाभराने दार उघडले. हे कोठे शिकलात असे मी नंतर विचारले, तेव्हा ते म्हणाले, "माझ्या मावशीला होतं असं."

माझा प्रश्न एवढाच आहे की दारात येणाऱ्या पोलिसाला अशी मावशी असेल की नसेल, यावर माझ्या भावाचा जीव का अवलंबून असावा? मानसिक आरोग्य सेवा अधिनियम 2017 च्या कलम 30 मध्ये पोलिसांसह शासकीय अधिकाऱ्यांना या विषयाचे नियमित प्रशिक्षण देण्याची जबाबदारी शासनावर टाकलेली आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या कलम 47 नेही पोलिसांच्या प्रशिक्षणक्रमात दिव्यांगांच्या हक्कांचा समावेश बंधनकारक केला आहे. कागदावर दोन-दोन कायदे असताना दारात मात्र नशीब उभे असते.

आमच्या भागातील ठाण्याच्या निरीक्षकांनी पुढील महिन्यात बीट मार्शल आणि ठाणे अंमलदारांसाठी दोन तास देण्याचे मान्य केले आहे. त्या दोन तासांत काय सांगावे, आणि मुख्य म्हणजे काय सांगू नये, यावर अनुभवी मंडळींनी लिहावे अशी विनंती आहे.

फौजदार (निवृत्त)

ताई, 34 वर्षांच्या नोकरीनंतर लिहीत आहे. आमच्या वेळच्या प्रशिक्षणात लाठी, कवायत, कायदा आणि गोळीबाराचा सराव होता. समोरचा माणूस ऐकत नाही याचा अर्थ तो जुमानत नाही, एवढेच आम्ही शिकलो. ज्या माणसाला ऐकू येणाऱ्या पाच आवाजांपैकी एक माझा आहे, त्याला माझा हुकूम कसा कळणार, हा विचार कोणी मांडलाच नव्हता.

दोन तासांत कायदा शिकवायचा असेल तर 2017 च्या कायद्याचे फक्त कलम 100 शिकवा, पण नीट शिकवा. 1987 च्या जुन्या कायद्यात अशा व्यक्तीला 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर उभे करावे लागत असे, आणि जुन्या लोकांच्या डोक्यात अजून तेच आहे, म्हणून "कोर्टाची ऑर्डर आणा" असे नातेवाइकांना सांगितले जाते. नव्या कायद्याने हा क्रम बदलला. मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणारी व्यक्ती हद्दीत भटकताना आढळली, किंवा आजारामुळे तिच्यापासून तिला स्वतःला अथवा इतरांना धोका आहे असे मानण्यास कारण असेल, तर तिला संरक्षणाखाली घेऊन लवकरात लवकर, आणि कोणत्याही स्थितीत 24 तासांच्या आत, जवळच्या शासकीय आरोग्य संस्थेत तपासणीसाठी न्यायचे. तिला संरक्षणाखाली का घेतले, हे सांगायचे. कोठडीत ठेवायचे नाही. "कोणत्याही परिस्थितीत नाही" अशी कायद्याची भाषा आहे. डॉक्टरांनी दाखल करण्याची गरज नाही असे सांगितले, तर घरी पोहोचवायचे आणि बेघर असेल तर शासकीय निवाऱ्यात न्यायचे. बेघर किंवा भटकणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत मिसिंगची नोंद करून तिचे कुटुंब शोधणे हेही ठाण्याचेच काम आहे.

या शेवटच्या मुद्द्यावर थोडे अवांतर. रस्त्यावरच्या मनोरुग्णांना बरे करून त्यांच्या मूळ गावी पोहोचवण्याच्या कामासाठी डॉ. भरत वाटवानी यांना 2018 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्या श्रद्धा संस्थेचे केंद्र आपल्या कर्जतलाच आहे. असा माणूस ठाण्यात आला की शिपाई "असंबद्ध बडबडतो" असे लिहून मोकळा होतो. मी माझ्या लोकांना तो जे बोलतो ते ऐकू येईल तसे लिहून घ्यायला लावत असे. एकदा "सोनबरसा, सोनबरसा" असे सतत पुटपुटणाऱ्याच्या तोंडी गावाचे नाव होते, हे बिहारी हमालाने वाचल्यावर कळले.

आता कडू गोष्ट. रात्री दोन वाजता अशा माणसाला घेऊन रुग्णालयात जावे, तर "मानसोपचारतज्ज्ञ सकाळी येतील, तोवर तुमच्याकडे ठेवा" असे सांगितले जाते. ठेवायचे कोठे? कोठडी निषिद्ध आहे आणि बाकड्यावर बसवावे तर पळून जाण्याची भीती. तपासणीची व्यवस्था करण्याची जबाबदारी त्याच कलमाने रुग्णालयाच्या प्रभारी वैद्यकीय अधिकाऱ्यांवर टाकली आहे, त्यामुळे तुमच्या दोन तासांना त्या रुग्णालयातले कोणीतरी बसवा. नाहीतर पोलीस मवाळ बोलायला शिकतील आणि गाडी मात्र रात्रभर फिरत राहील.

पारिजातक

फौजदार काका, आपला प्रतिसाद जपून ठेवला आहे. मात्र धाग्यात आतापर्यंत मानसिक आजारच आला आहे, म्हणून दुसरी बाजू मांडते. माझा 17 वर्षांचा मुलगा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. 2017 च्या कायद्यातील मानसिक आजाराच्या व्याख्येतून बौद्धिक अक्षमता स्पष्ट शब्दांत वगळलेली आहे. स्वमग्नता आणि बौद्धिक दिव्यांगत्व 2016 च्या कायद्यातील 21 प्रकारांत येतात. रस्त्यावरच्या शिपायाला हा फरक कलमांसकट माहीत असण्याची गरज नाही, पण माझ्या मुलाला इंजेक्शन देऊन तो "बरा" होणार नाही, एवढे तरी माहीत असावे.

एका रेल्वे स्थानकावर तो माझ्यापासून दहा पावले पुढे गेला आणि बाकावर ठेवलेला कोणाचा तरी मोबाइल त्याने चमकतो म्हणून उचलला. मी गर्दीतून पोहोचेपर्यंत गस्तीवरच्या दोघांनी त्याचे मनगट धरले होते आणि पुढील संवाद चालू होता:

"नाव काय?"
"नाव काय."
"मोबाइल तू चोरलास?"
"मोबाइल तू चोरलास."
"बघा, कबूल करतोय."

ऐकलेल्या वाक्याचा शेवट जसाच्या तसा उच्चारणे ही माझ्या मुलाची बोलण्याची रीत आहे. मराठीत प्रश्न आणि विधान यांतला फरक पुष्कळदा केवळ स्वरात असतो. तो स्वर गाळला की प्रश्नाचा कबुलीजबाब होतो. बौद्धिक दिव्यांग मुलांचे याहून वेगळे असते. समोरच्या मोठ्या माणसाला खूश करण्यासाठी ती प्रत्येक प्रश्नाला "हो" म्हणतात. म्हणून हो-नाही स्वरूपाचा प्रश्न विचारू नये, दोन पर्याय द्यावेत, आणि नंतर तेच पर्याय उलट क्रमाने पुन्हा विचारून पाहावेत.

त्या प्रसंगानंतर मी तीन ठाण्यांत बोलले. पहिल्या ठिकाणी पडद्यावर 40 चित्रफिती दाखवल्या आणि शेवटी एकच प्रश्न आला: "मॅडम, हे लोक मारतात का?" दुसऱ्या वेळी मुलाला सोबत नेले. तो रांगेने बसलेल्या प्रत्येक शिपायासमोर जाऊन छातीवरच्या नावाच्या पट्टीवर बोट फिरवू लागला. पहिले दोघे झटकन मागे सरले, एकाचा हात आपोआप वर गेला. तेवढ्यात मी म्हटले, "आता हेच रस्त्यात घडले असते तर तुम्ही काय केले असते?" खोलीत शांतता पसरली. त्यानंतरचा पाऊण तास मी जवळजवळ काहीच बोलले नाही, त्यांचेच प्रश्न संपत नव्हते. मुलाला असे समोर उभे करणे योग्य का, हा प्रश्न मलाही पडतो. म्हणून त्याला निघायचे असेल त्या क्षणी कार्यक्रम थांबेल, अशी अट मी आधीच घालते.

टपरीवरचा

हेतू चांगला आहे यात शंका नाही, परंतु बंदोबस्त, निवडणुका आणि सणवार यांत पिळून निघालेल्या शिपायाला आता मानसशास्त्रही शिकवायचे, हे मला अवास्तव वाटते.

गोरखचिंच (धागाकर्ती)

मानसशास्त्र शिकवायचे नाही. वॉकीटॉकीचा आवाज कमी करणे हे मानसशास्त्र नव्हे.

रात्रपाळी

मी 108 वर काम करणारा डॉक्टर आहे. आपल्या राज्यात ही सेवा 2014 पासून आहे आणि गाडीत डॉक्टर असतो, हे आपले बलस्थान आहे. गोरखचिंच यांना आलेला अनुभव खरा आहे आणि त्याबद्दल आमची बाजू सावरण्याचा प्रयत्न मी करणार नाही. गाडीत आम्ही दोघेच असतो आणि समोर सुरी आहे म्हटल्यावर आम्ही पोलिसांची वाट पाहतो. ती वाट पाहणे चूक नाही. परंतु एका फोनवर दोन्ही गाड्या निघायला हव्यात, दुसरा फोन नातेवाइकांना करावा लागू नये.

प्रशिक्षणात माझ्या मते दोन गोष्टी अनिवार्य आहेत. पहिली म्हणजे "वेडसर वागतो" हे निदान नव्हे. मागच्या उन्हाळ्यात चौकात कपडे काढून फिरणाऱ्या एका गृहस्थांना लोकांनी विजेच्या खांबाला बांधून ठेवले होते. बोट टोचून पाहिले तर रक्तातली साखर 38 होती. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर दहा मिनिटांत त्यांनी स्वतःच्या मुलीचा फोन नंबर सांगितला आणि मग अंगावर चादर ओढून ते रडू लागले. डोक्याला मार, तीव्र ताप, फिट येऊन गेल्यानंतरचा गोंधळ, दारू अचानक बंद केल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी होणारे भास, हे सर्व बाहेरून सारखेच दिसते.

दुसरी गोष्ट जीवघेणी आहे. माणसाला पालथे पाडून पाठीवर गुडघा किंवा दोघा-तिघांचे वजन ठेवले की छाती फुगत नाही. तो श्वासासाठी धडपडतो, ती धडपड प्रतिकार समजून वजन आणखी वाढवले जाते, आणि मग तो "शांत" होतो. अशा "शांत" झालेल्या माणसाला आधी कुशीवर वळवा आणि श्वास पाहा. धरणे अटळच असेल तर एकाने केवळ चेहरा आणि श्वास यांवरच लक्ष ठेवावे, हात-पाय धरण्याचे काम इतरांचे. कायद्यानुसार साखळीने बांधण्यास तर पूर्ण मनाई आहे (कलम 95), आणि तरीही आमच्या गाडीपर्यंत साखळदंडासह आलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

आत्महत्येच्या कॉलबद्दलही एक वाक्य घाला. कठड्यावर उभ्या असलेल्या माणसाला खालून "उतर, नाहीतर केस करीन" असे ओरडणारे अजून भेटतात. 2017 च्याच कायद्याच्या कलम 115 नुसार अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरायचे असते, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारे जुने कलम 309 राहिलेलेच नाही.

कवडसा

मला बायपोलर आजार आहे आणि मला दोन वेळा पोलिसांच्या गाडीतून रुग्णालयात नेण्यात आले आहे. त्या अवस्थेतले काहीच आठवत नसेल असा लोकांचा समज असतो. मला सगळे आठवते. माझ्यासमोर उभे राहून माझ्या बायकोला "याला काय झालंय, हा चावतो का" असे विचारले गेले, हे आठवते. दुसऱ्या वेळी एका महिला शिपायाने, "दादा, मी आता तुमचा डावा हात धरणार आहे, पायऱ्या ओल्या आहेत," असे सांगून हात धरला, हेही आठवते. पहिल्या वेळी चौघे लागले. दुसऱ्या वेळी ती एकटी पुरली, आणि माझा आजार दोन्ही वेळा सारखाच होता.

त्यामुळे स्पर्श करण्याआधी काय करणार ते सांगावे, बोलणारा एकच असावा आणि प्रश्न रुग्णालाच विचारावा. भास होत असलेल्या माणसाशी "असं काही नाहीये" म्हणून वाद घालू नये आणि "हो, मलाही दिसतंय" असे खोटेही बोलू नये. "मला ते ऐकू येत नाही, पण तुम्हाला त्रास होतोय हे दिसतंय," एवढे पुरते. सायरन आमच्या सोसायटीच्या फाटकाबाहेरच बंद झाला असता तर मी आजही तिथेच राहत असतो. घर बदलावे लागले ते आजारामुळे नव्हे, गॅलरीत जमलेल्या लोकांमुळे.

शिवाय प्रत्येक वेळी गणवेश हवाच का, हाही प्रश्न आहे. टेली-मानस या शासकीय मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक 2022 पासून आहे. प्रसंग हाताबाहेर जाण्याच्या चार दिवस आधी घरच्यांनी तेथे बोलावे, हेही त्या दोन तासांत पोलिसांना सांगता येईल, कारण लोक सल्ला विचारायला ठाण्यातच जातात.

मेरीलँडकर

कवडसा यांच्या प्रश्नाला इकडचा संदर्भ जोडतो. मी अमेरिकेत मेरीलँडमध्ये राहतो. आमच्याच राज्यातील फ्रेडरिक गावी जानेवारी 2013 मध्ये एथन सेलर हा 26 वर्षांचा, डाउन सिंड्रोम असलेला तरुण चित्रपट संपल्यावर तो पुन्हा पाहण्यासाठी खुर्चीतच बसून राहिला. दुसरे तिकीट त्याच्याकडे नव्हते. सुरक्षेचे काम करणाऱ्या तिघा शेरीफ कर्मचाऱ्यांनी त्याला उठवण्याचा प्रयत्न केला. त्याची मदतनीस थोडे थांबण्याची विनवणी करत होती आणि त्याची आई यायला निघाली होती. झटापटीत तो जमिनीवर पडला आणि श्वास कोंडून मरण पावला. रात्रपाळी यांनी वर्णन केलेले सर्व एका तिकिटाच्या किमतीपायी घडले. कोणावरही आरोपपत्र दाखल झाले नाही. मात्र 2015 मध्ये राज्याने त्याच्या नावाने कायदा केला आणि बौद्धिक दिव्यांग व्यक्तींनी स्वतः प्रशिक्षक म्हणून पोलिसांना शिकवावे अशी व्यवस्था उभी केली. पारिजातक यांनी एका ठाण्यात जे केले, त्याचेच हे सरकारी रूप आहे. फरक इतकाच की येथे ती व्यक्ती समोर "दाखवली" जात नाही, शिकवणारी तीच असते.

अमेरिकेत सर्वाधिक अनुकरण झाले ते मेम्फिसच्या नमुन्याचे. 1987 मध्ये तेथील पोलिसांच्या गोळीबारात एक मनोरुग्ण तरुण मरण पावल्यावर, 1988 पासून पोलीस, रुग्णालये आणि रुग्णांची कुटुंबे यांनी एकत्र येऊन निवडक, स्वेच्छेने पुढे आलेल्या पोलिसांसाठी 40 तासांचे प्रशिक्षण सुरू केले. लोक ते 40 तास उचलतात आणि दुसरा अर्धा भाग विसरतात: रुग्णाला घेऊन आलेल्या पोलिसाला परत न पाठवणारे आणि काही मिनिटांत मोकळा करणारे रुग्णालय. फौजदार साहेबांची रात्री दोनची अडचण मेम्फिसने आधी सोडवली होती. केवळ प्रशिक्षणाने पोलिसांची समज आणि दृष्टिकोन सुधारतो, असे अभ्यास सांगतात. इजा आणि मृत्यू कमी होतात का, याबाबतचा पुरावा इतका ठाम नाही.

गणवेशाविना जाण्याचा प्रयोग ऑरेगनमधील यूजीन शहराने 1989 पासून केला. एका व्हॅनमध्ये एक आरोग्यसेवक आणि एक समुपदेशक असे. जगभर त्याचे कौतुक झाले, आणि 2025 मध्ये ती सेवा त्याच शहरात बंद पडली. कौतुकावर व्हॅन चालत नाही.

बंबवाला

अग्निशमन दलाच्या वतीने थोडेसे. आगीत स्वमग्न किंवा बौद्धिक दिव्यांग मूल दाराकडे धावेलच असे नाही. ते नेहमीच्या सुरक्षित जागी, म्हणजे पलंगाखाली, कपाटात किंवा न्हाणीघरात जाऊन बसते. धुरात मुखवटा लावून, भसाभस श्वास घेत आम्ही आत गेलो की त्याला आगीपेक्षा आमचीच भीती वाटते. घरच्यांनी मुलाची लपण्याची जागा पहिल्याच वाक्यात सांगावी. असे मूल हरवल्याचा कॉल आला तर आधी विहीर, कालवा, तळे आणि पाण्याच्या टाक्या पाहाव्यात, कारण अशी पुष्कळ मुले पाण्याकडे ओढली जातात; बाजारपेठ नंतर.

गोरखचिंच (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. रुग्णालयाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि 108 च्या स्थानिक समन्वयकांना आज रीतसर पत्र दिले. पहिला एक तास पारिजातक ताईंचा मुलगा आणि कवडसा यांचा राहील. कवडसा यांनी यायचे मान्य केले आहे. दुसऱ्या तासात आमच्याच घरचा प्रसंग नाट्यरूपाने करून पाहायचा आहे. दाराच्या आत मी असेन आणि बाहेर बीट मार्शल.

ठाणे अंमलदाराच्या काचेखाली ठेवण्यासाठी अर्ध्या पानाचा मजकूर तयार केला आहे. त्याचा आरंभ असा: "मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला ताब्यात घेतल्यावर 24 तासांच्या आत शासकीय रुग्णालयात न्यावे. कोठडीत ठेवू नये. व्यक्तीला, किंवा तिला ते समजणे कठीण असेल तर तिच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला, कारण सांगावे." काही चुकत असल्यास सुचवावे.

फौजदार (निवृत्त)

एक शब्द बदला. "ताब्यात घेतल्यावर" नको, "संरक्षणाखाली घेतल्यावर" लिहा. स्टेशन डायरीत "ताब्यात" लिहिले गेले की पुढचा अंमलदार सवयीने आरोपीचे रकाने भरू लागतो, अंगझडती घेतो, कमरेचा पट्टा काढून घेतो आणि कोठडीच्या किल्ल्या शोधतो. आणि 24 तास कधीपासून मोजायचे तेही लिहा. गाडी ठाण्यात पोहोचली ती वेळ नव्हे, माणसाला दारात जेव्हा सोबत घेतले ती वेळ.

गोरखचिंच (धागाकर्ती)

दोन्ही बदल केले. डायरीत लिहिण्याच्या नोंदीचा नमुना आपणच करून द्याल का, काका?

फौजदार (निवृत्त)

रविवारपर्यंत देतो.